थेरपिस्टांची राजकीय वर्गणी: अमेरिकेत आपल्या पेशासाठी पैसे कसे उभे करायचे, पहिल्या फोनपासून शेवटच्या पावतीपर्यंत

2018 चा जानेवारी. मी तेव्हा न्यू जर्सीत एका छोट्या आउटपेशंट क्लिनिकमध्ये फिजिकल थेरपिस्ट होते. एक आजोबा यायचे, पोस्टातून रिटायर झालेले, डिसेंबरात स्ट्रोक येऊन गेलेला, उजवा पाय ओढत चालायचे आणि बोलताना शब्द सापडायचा नाही. सोबत आजी असायच्या. दुसऱ्याच व्हिजिटला आजींनी पर्समधून एक छोटी वही काढली, त्यात पेन्सिलीने दोन रकाने आखलेले, एक चालायचा आणि एक बोलायचा, आणि मला विचारलं की बोलायच्या रकान्यातून किती काढून चालायच्या रकान्यात टाकू? कारण त्या महिन्यात मेडिकेअरचा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्याचा, नियम असा होता की फिजिकल थेरपी आणि स्पीच थेरपी दोन्ही मिळून वर्षाला 2,010 डॉलर, त्यापुढे काही नाही. नवऱ्याने बाथरूमपर्यंत चालायला शिकायचं की बायकोला नावाने हाक मारायला शिकायचं, हे त्या बाई पेन्सिलीने ठरवत बसल्या होत्या.

हा नियम काही आभाळातून पडला नव्हता. 1997 च्या बॅलन्स्ड बजेट ॲक्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ही मर्यादा घातली, तेव्हा 1,500 डॉलर होती, थेरपी कॅप म्हणायचे तिला. त्यात फिजिकल आणि स्पीच एका खात्यात टाकले आणि ऑक्युपेशनल थेरपीला वेगळं खातं दिलं. मग कधी तहकूब कर, कधी अपवाद दे, असं करत वीस वर्षं ढकलगाडी चालली. 14 एप्रिल 2015 ला सेनेटमध्ये ही कॅप कायमची काढायची दुरुस्ती मताला आली, 58 विरुद्ध 42, आणि लागत होती 60. दोन मतं कमी पडली. शेवटी 31 डिसेंबर 2017 ला अपवादाची मुदत संपली, म्हणूनच आजींची ती वही, आणि 9 फेब्रुवारी 2018 ला कॅप एकदाची रद्द झाली. त्याच कायद्याने आपल्या असिस्टंट लोकांच्या कामाचं पेमेंट 2022 पासून 15 टक्के कमी केलं हेही लक्षात ठेवा, म्हणजे एका दाराने मिळालं आणि दुसऱ्या दाराने गेलं.

त्या दोन मतांचा मी फार विचार केलाय. आपण पेशंटच्या पायाला हात लावून काम करणारी माणसं, राजकारण म्हटलं की अंग काढून घेतो, आणि पैसे मागायचे म्हटलं तर अजूनच. पण आपला पेशंट किती वेळा आपल्याकडे येणार हे वॉशिंग्टनमधली जी माणसं ठरवतात त्यांना आपलं काम माहीतच नसतं, आणि त्यांच्यासमोर बसायला मिळायची जी वाट आहे तिच्यात राजकीय वर्गणी हा मोठा भाग आहे. मत विकत घेता येत नाही आणि घ्यायचंही नाही. वर्गणीने दार उघडतं, आत जाऊन बोलायचं काम आपलंच. गेली काही वर्षं मी हे करतेय, आणि आपल्या मराठी थेरपिस्ट मंडळींकडून तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते. मी फिजिकल थेरपीबद्दल लिहितेय पण नर्सिंग, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), सोशल वर्क सगळ्यांना हीच चौकट लागू आहे, उमेदवारांसाठी वर्गणी जमवणारी कमिटी म्हणजे पॅक, तो प्रत्येकाचा आहे, नर्सेसचा एएनए-पॅक आहे, ओटींचा एओटीपॅक आहे, सोशल वर्कर्सचा पेस आहे.

आणि एक आधीच सांगते, हा लेख म्हणजे कुठल्या पॅकसाठी वर्गणीचं आवाहन नाहीये. तसं उघड्यावर करता येत नाही, का ते तिसऱ्या पायरीत येईल.

सुरुवातीला: पैशाचे तीन डबे, एकाचं दुसऱ्यात ओतायचं नाही

पहिला डबा सभासद फीचा. एपीटीए (अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशन) ही आपली संघटना, 1921 ची, तिला आपण दरवर्षी फी भरतो, त्यातून लॉबिस्टचा पगार निघतो, वकील, पत्रव्यवहार, मेडिकेअरच्या नियमांवर हरकती नोंदवणं हे होतं. पण या डब्यातला एक सेंटही फेडरल उमेदवाराला देता येत नाही, कायद्याने मनाई आहे. खूप जणांचा समज असतो की "आम्ही फी भरतो ना, मग झालं की", नाही झालं.

दुसरा डबा पॅकचा, म्हणजे पॉलिटिकल ॲक्शन कमिटी. आपला आहे पीटी-पॅक. हा पूर्णपणे सभासदांनी स्वखुशीने दिलेल्या पैशावर चालतो आणि उमेदवारांना पैसे इथूनच जातात. पॅक एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी 5,000 डॉलरपर्यंत देऊ शकतो, प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायची) वेगळी आणि जनरल (मुख्य) वेगळी धरतात, म्हणजे दोन्ही मिळून 10,000.

तिसरा डबा तुमचा स्वतःचा, तुम्ही व्यक्ती म्हणून थेट उमेदवाराला देता तो.

पायरी 1: आधी व्हिसा बघा

ही पायरी आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाले देऊ शकतात. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 यातल्या कोणीही अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत, फेडरल असो राज्याची असो की गावची, एक डॉलरही द्यायचा नाही. एच-4 वर वर्क परमिट असलं तरी नाही, टॅक्स भरत असलात तरी नाही. आपल्यात हे फार जणांना लागू होतं, कारण आपला पेशा शेड्यूल ए मध्ये, म्हणजे माणसं कमी पडतात अशा पेशांच्या सरकारी यादीत, आहे म्हणून लेबर सर्टिफिकेशनची पायरी वाचते खरी पण भारतीयांची ग्रीन कार्डची रांग वाचत नाही, पुण्या-मुंबई-नागपूरहून बीपीटीएच करून आलेले कितीतरी जण वर्षानुवर्षं एच-1बी वरच असतात.

नवरा नागरिक आणि बायको एच-1बी अशी जोडपीही आहेत. तिथे मी साधा सल्ला देते, नागरिक असलेल्याने स्वतःच्या नावाच्या कार्डावरून, स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या मर्जीने द्यावं, विषय संपला.

मग व्हिसावाल्यांनी काय करायचं? बिनपगारी स्वयंसेवक म्हणून मदत करता येते, खुर्च्या लावणं, फोनची यादी करणं, कार्यक्रमाला येऊन ऐकणं, सगळं चालतं, फक्त पैसे कोणाला किती द्यायचे या निर्णयात बसायचं नाही. मी तर म्हणते कार्यक्रम त्यांच्या घरी ठेवू नका आणि किराणाही त्यांच्या पैशाने आणू नका. आणि एक काम त्यांनी बिनधास्त करावं, आपल्या भागाच्या काँग्रेसमनला पत्र लिहावं, क्लिनिकमधला अनुभव सांगावा. मतदार नसलात तरी त्या मतदारसंघातले पेशंट तुम्हीच बरे करताय.

व्हीए हॉस्पिटलमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये, काम करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. फेडरल कर्मचारी म्हणून तुम्हाला हॅच ॲक्ट लागू आहे, तुम्ही स्वतः वर्गणी देऊ शकता पण दुसऱ्याकडे मागू शकत नाही, ड्यूटीवर नसताना घरूनही नाही. ग्रुपवर डोनेशनची लिंक पुढे ढकलली तरी ते मागणंच धरलं जातं. नोकरी जाऊ शकते, त्यामुळे इथे भिडस्तपणा करू नका, कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

पायरी 2: किती, कुठल्या खात्यातून

पॅकला एका व्यक्तीला वर्षाला 5,000 डॉलरपर्यंत देता येतात. थेट उमेदवाराला 2025-26 च्या निवडणुकांसाठी 3,500 डॉलर प्रत्येक निवडणुकीला, प्रायमरी आणि जनरल धरून 7,000. हा दुसरा आकडा दर विषम वर्षी महागाईप्रमाणे बदलतो, तेव्हा द्यायच्या आधी फेडरल इलेक्शन कमिशनच्या साइटवर एकदा बघून घ्या.

खातं स्वतःचं पर्सनल. क्लिनिकचं नाही. आपल्या ओळखीतल्या एका क्लिनिकमालकाने उत्साहाने क्लिनिकच्या खात्यातून चेक फाडला, त्यांची कंपनी कॉर्पोरेशन होती, आणि आठवड्याभरात कॅम्पेनच्या खजिनदाराने तो चेक चिठ्ठी लावून परत पाठवला. नशीब की परत आला, जमा झाला असता तर दोघांनाही निस्तरावं लागलं असतं. क्लिनिकचा प्रिंटर, क्लिनिकची रिसेप्शनिस्ट, क्लिनिकचा हॉल हेसुद्धा यासाठी वापरू नका.

रोख तर अजिबात नको. कायद्याने 100 डॉलरपर्यंत चालते, पण आपल्याकडे गणपतीची वर्गणी पाकिटात घालून द्यायची सवय आहे आणि पाकिटावर नाव नसलं की गोंधळ होतो. कार्ड किंवा चेक, बस.

दुसऱ्याच्या नावाने कधीही देऊ नका. "माझी लिमिट संपली, तू दे, मी तुला झेल ॲपने पैसे पाठवते" हा फेडरल गुन्हा आहे. मालकाने कर्मचाऱ्यांना बोनस देऊन त्यांच्याकडून वर्गणी द्यायला लावणं हाही तोच गुन्हा. मुंबईत जन्मलेले लेखक दिनेश डिसूझा यांनी 2014 मध्ये नेमक्या याच प्रकारात गुन्हा कबूल केला होता, एकूण रक्कम 20,000 डॉलर, आणि शिक्षा झाली आठ महिने निगराणीगृहात, पाच वर्षं प्रोबेशन, वर 30,000 डॉलर दंड. पुढे 2018 मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली, तुमच्या-माझ्या वाट्याला तसलं काही येणार नाही.

एकूण 200 डॉलरच्या वर दिलेत की तुमचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि कुठे काम करता हे जाहीर होतं, कोणीही ऑनलाइन शोधू शकतं, पेशंटसुद्धा, मालकसुद्धा. हे देणाऱ्याला आधीच सांगा. नंतर कळलं की माणूस दुखावतो.

पायरी 3: कोणाकडे मागायचं, कोणाकडे नाही

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. संघटनेच्या पॅकसाठी फक्त संघटनेच्या सभासदांकडे मागता येतं. नुसता थेरपिस्ट असून चालत नाही, एपीटीएचा सभासद पाहिजे. म्हणून फेसबुकवर पोस्ट टाकायची नाही, दोनशे लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही, शेजाऱ्यांना सांगायचं नाही. सभासदांचा वेगळा छोटा ग्रुप करा, प्रत्येकाला विचारून खात्री करून मगच त्यात घ्या.

थेट उमेदवारासाठी मात्र अशी मर्यादा नाही, तिथे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला कोणीही चालतो, तुमचा डेंटिस्ट, तुमचे शेजारी, योगाच्या क्लासमधली मैत्रीण.

आणि महाराष्ट्र मंडळ? नाही. आपली बहुतेक मंडळं 501(सी)(3), म्हणजे टॅक्समाफी असलेल्या धर्मादाय संस्था, आहेत, देवळंही तशीच, त्यांना उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात काहीही करायला पूर्ण बंदी आहे, टॅक्सची सवलत जाऊ शकते. तेव्हा गणेशोत्सवाच्या स्टेजवरून घोषणा नाही, मंडळाच्या मेलिंग लिस्टवरून निमंत्रण नाही, दिवाळी कार्यक्रमात टेबल नाही. मंडळात तुमची ओळख झालीय म्हणून तुम्ही एखाद्याला घरी फोन केलात तर ते तुमचं वैयक्तिक, ते चालतं. पण मंडळाचं नाव, यादी, जागा, माइक यातलं काही नको. मंडळ उभं करायला कोणीतरी तीस वर्षं सतरंज्या उचलल्या आहेत.

पायरी 4: फोन

आता खरं काम. ईमेलने वर्गणी येत नाही. मी पाठवून बघितलंय, पंचवीस ईमेलला एखादं उत्तर येतं. फोन करा, आणि संध्याकाळी साडेसातनंतर करा कारण तोपर्यंत नोट्स लिहून झालेल्या असतात.

फोनच्या आधी एक आकडा आणि एक पेशंट डोक्यात तयार ठेवा. आकडा असा: मेडिकेअर आपल्याला ज्या गुणकाने पैसे देते तो 2020 मध्ये 36.09 डॉलर होता, 2025 मध्ये 32.35. या काळात भाडं वाढलं, पगार वाढले, हातमोजेसुद्धा महागले आणि पेमेंट दहा टक्के खाली आलं. हे काँग्रेसच्या हातात आहे. पेशंट तुमचा तुम्हीच निवडा, नाव न घेता.

मला एका ज्युनियर मैत्रिणीने विचारलं होतं, "ताई, माझ्या वीस डॉलरने काय होणारे?" मी तिला विचारलं, "अगं, तुझ्या किती पेशंटना तू केएक्स लावतेस?" ती थोडा वेळ गप्प. केएक्स म्हणजे ठरलेल्या रकमेच्या पुढे गेलेल्या पेशंटच्या बिलावर आपण लावतो ते चिन्ह, की याला अजून थेरपीची खरंच गरज आहे, 2025 मध्ये ती रक्कम 2,410 डॉलर होती. ती म्हणाली आठ-दहा तरी असतील. मी म्हटलं, "कॅप गेली नसती तर ते आठ-दहा जण आज घरी बसले असते." तिने तेव्हाच महिन्याचे वीस डॉलर लावले.

महिन्याचे लावून घ्या, एकरकमी नको. वीस डॉलर महिना म्हणजे वर्षाचे 240, आणि असे 42 जण जमले की 10,080, म्हणजे पॅक एका उमेदवाराला दोन्ही निवडणुकांत मिळून जास्तीत जास्त जेवढं देऊ शकतो तेवढे झाले. 42 मराठी थेरपिस्ट तर न्यू जर्सीतच सहज निघतील. एका श्रीमंत क्लिनिकमालकाच्या पाच हजारांपेक्षा मला हे 42 जण जास्त मोलाचे वाटतात, कारण तो मालक उद्या क्लिनिक विकून फ्लोरिडाला जाईल आणि हे 42 जण पुढच्या वर्षीही असतील, पत्रं लिहितील, फोन करतील.

मागताना चार गोष्टी स्पष्ट सांगायच्या, कायद्यानेच सांगाव्या लागतात: हे पैसे राजकीय कामासाठी आहेत, देणं ऐच्छिक आहे, नाही दिले तर तुमचं काही बिघडणार नाही, आणि मी सुचवलेली रक्कम ही फक्त सूचना आहे, कमी द्या जास्त द्या. मी हे मराठीत एका दमात सांगते आणि लोकांना त्याने उलट बरंच वाटतं. तुम्ही क्लिनिक डायरेक्टर असाल तर स्वतःच्या हाताखालच्या माणसाला फोन करू नका, त्याला नाही म्हणणं अवघड जातं, त्याला दुसऱ्या कोणीतरी विचारावं.

रक्कम सांगून थांबा. "वीस डॉलर महिना जमेल का?" आणि गप्प बसा. आपल्याला ती शांतता सहन होत नाही, आपण लगेच "नाही जमलं तरी काही हरकत नाही हं" म्हणून मोकळे होतो, आणि समोरचाही मोकळा होतो. तो विचार करत असतो, करू द्या. नाही म्हणाला तर आभार माना, चहाला बोलवा, पुढच्या वर्षी परत विचारा.

कोणी चेक हातात दिला तर तो तुमच्या ड्रॉवरमध्ये राहता कामा नये. 50 डॉलरच्या वरचा असेल तर देणाऱ्याच्या नाव-पत्त्यासकट 10 दिवसांच्या आत खजिनदाराकडे पोचायलाच पाहिजे. मी दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकते.

पायरी 5: घरचा कार्यक्रम

हा उमेदवारासाठी, पॅकसाठी नाही, दोन्ही एकत्र करू नका कारण पाहुण्यांत सभासद नसलेले असतातच.

उमेदवाराच्या कॅम्पेनमध्ये एक फायनान्सवाला माणूस असतो, त्याला दोन-अडीच महिने आधी फोन करा. तो पहिला प्रश्न विचारेल की किती जमतील? खोटा आकडा देऊ नका. पहिल्या वेळी आम्ही पाच जणांनी मिळून यजमान कमिटी केली, प्रत्येकाने हजार डॉलर आणायचे असं ठरवलं, आणि त्या माणसाला चार हजार सांगितले. जमले साडेपाच. पुढच्या वेळी त्याने आमचा फोन लगेच उचलला.

तारीख ठरवताना हे बघा की कॅम्पेनचा हिशोब मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या शेवटी बंद होतो, त्या आठवड्यांत उमेदवार रोज तीन-तीन कार्यक्रम करत पळत असतो. महिनाभर आधीची तारीख मागा, तो निवांत बसतो.

निमंत्रणाचा मजकूर कॅम्पेनकडून पास करून घ्या, खाली छापायची कायदेशीर ओळ तेच देतात. घरी कार्यक्रम केला तर खाणंपिणं आणि निमंत्रणाचा खर्च एका यजमानामागे 1,000 डॉलरपर्यंत वर्गणीत धरत नाहीत, नवरा-बायको दोघं मिळून 2,000. वीस-पंचवीस माणसांना त्यात भरपूर होतं. केटरिंग करू नका, घरीच करा. आम्ही बटाटेवडे, साबुदाण्याची खिचडी आणि पन्हं ठेवलं होतं. उमेदवाराने तिसरा वडा घेतला आणि चटणीची चौकशी केली, आणि तिथून गाडी आईवर आली, माझ्या नाही, त्याच्या आईवर, जिची हिपची सर्जरी नुकतीच झाली होती आणि थेरपी इन्शुरन्सने मध्येच थांबवली होती. ते बोलणं एखाद्या हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये झालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

वेळ साडेसहा ते आठ. उमेदवार साधारण पाऊण तास थांबतो. दाराशी एकजण बसवा जो प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेईल, नाव, पत्ता, व्यवसाय, कंपनी, आणि नागरिक किंवा ग्रीन कार्ड असल्याची खूण. व्हिसावाला पाहुणा आला तर त्याला फॉर्म देऊच नका, प्रेमाने आत बसवा. यजमानाने दोन मिनिटं बोलावं, उमेदवाराने दहा, मग प्रश्न. पैशाचं आवाहन यजमानाने करावं, उमेदवाराने बोलायच्या आधी, नंतर नाही, कारण नंतर लोक वड्यांकडे वळतात.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. "आम्ही एवढे जमवले, आता तुम्ही आमच्या विधेयकावर सही करा" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये, चेष्टेतही नाही, ती लाच होते. आपल्या पेशाबद्दल बोला, पेशंटबद्दल बोला, प्रश्न विचारा, पण पैसा आणि मत यांची गाठ कुठेही मारू नका. आणि सरकारी ऑफिसात वर्गणीचा विषयच काढायचा नाही, चेक पाकिटातून बाहेरही नाही, फेडरल इमारतीत वर्गणी मागणं किंवा घेणं हा गुन्हा आहे.

पायरी 6: पैसे कोणाला

आपल्या लोकांचा पहिला कल असतो की कोणी आपलं आहे का बघू. बेळगावचे श्री ठाणेदार 2022 मध्ये मिशिगनच्या 13व्या मतदारसंघातून काँग्रेसवर निवडून आले, मराठीत बोलणारा माणूस कॅपिटलमध्ये गेला याचा मलाही आनंद झाला, आणि मनापासून पटत असेल तर जरूर द्या, ते तुमचं वैयक्तिक. पण पेशासाठी देताना मी वेगळं बघते. मेडिकेअरचे पैसे कुठे ठरतात? हाउसमध्ये वेज अँड मीन्स आणि एनर्जी अँड कॉमर्स या दोन कमिट्यांत, आणि सेनेटमध्ये फायनान्स कमिटीत. तिथे कोण बसलंय, त्यातलं आपल्या राज्याचं कोण, त्याने याआधी थेरपीच्या विधेयकाला साथ दिलीय का, हे काँग्रेसच्या साइटवर अर्ध्या तासात सापडतं.

आणि पक्ष दोन्ही. इथे घरात वाद होतात, माझ्याकडेही झालेत. पण कॅप रद्द करायची 2015 ची दुरुस्ती एका डेमोक्रॅट आणि एका रिपब्लिकन सेनेटरने मिळून आणली होती, आणि पॅकही दोन्ही पक्षांना देतो. ज्याच्या बाकीच्या विचारांनी तुमचं डोकं तडकतं त्याला स्वतःच्या खिशातून देऊ नका, कोणीही जबरदस्ती करत नाही. पॅकने त्याला थेरपीच्या एका मुद्द्यावर दिले तर मात्र समजून घ्या.

राज्याचं वेगळं असतं हेही सांगून टाकते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पेशंट आपल्याकडे येऊ शकतो का, किती दिवस, ड्राय नीडलिंग (दुखऱ्या स्नायूत बारीक सुई घालणं) करता येतं का, हे सगळं राज्याच्या विधिमंडळात ठरतं. 2015 पासून सगळ्या 50 राज्यांत थेट प्रवेश काही ना काही प्रमाणात आहे पण अटी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. त्यासाठी राज्य शाखांचे स्वतःचे पॅक असतात, नियम आणि रकमा वेगळ्या, तिथल्या खजिनदाराला विचारा. तिथे आमदार भेटायला सोपा असतो आणि शंभर डॉलरची किंमतही जास्त असते, म्हणून नवीन माणसाने तिथून सुरुवात केली तर मला उलट बरंच वाटेल.

पायरी 7: नंतर

दोन दिवसांत प्रत्येकाला हाताने लिहिलेली चिठ्ठी, पाच डॉलर दिलेल्यालाही. मग तीन-चार आठवडे थांबा, आणि मग त्या लोकप्रतिनिधीच्या स्थानिक ऑफिसला फोन करून क्लिनिकला भेट द्यायचं निमंत्रण द्या. कॅम्पेनच्या माणसामार्फत नाही, ऑफिसमार्फत, आणि या भेटीत पैशाचा शब्दही नाही. क्लिनिकमध्ये वर्गणी मागायची नसते पण लोकप्रतिनिधीला काम दाखवायला काहीच हरकत नाही.

भेटीत स्लाइड दाखवू नका. ज्या पेशंटने आधी लेखी संमती दिलीय त्याच्यासोबत पॅरलल बार्सपाशी उभं करा आणि गेट बेल्ट, म्हणजे पेशंटच्या कमरेला बांधायचा आधाराचा पट्टा, लोकप्रतिनिधीच्या हातात द्या, तुम्ही बाजूला उभ्या राहून पेशंटला सांभाळताय अशा बेताने. आमच्याकडे एका भेटीत लोकप्रतिनिधीच्या ऑफिसातल्या स्टाफर मुलीने बेल्ट धरला, पेशंट आजी चार पावलं चालल्या आणि पाचव्याला गुडघा वळला, तिने घट्ट धरलं आणि तिच्या कपाळावर घाम आला. मग ती म्हणाली, हे तुम्ही दिवसाला किती वेळा करता? मी म्हटलं अकरा-बारा वेळा. तिने ते लिहून घेतलं. जाताना एक पान हातात द्या, एकच पान, त्यात तुमच्या क्लिनिकचे मेडिकेअरचे पेशंट किती, वेटिंग किती आठवड्यांचं, आणि कुठल्या विधेयकाबद्दल तुम्हाला बोलायचंय. त्यानंतर दर तीन महिन्यांनी त्या स्टाफरला एक छोटी ईमेल. स्टाफर बदलत राहतात, बदलला की नव्याला परत बोलवा. एपीटीएत प्रत्येक लोकप्रतिनिधीमागे एक सभासद नेमायची पद्धत आहे, "की कॉन्टॅक्ट" (मुख्य संपर्क) म्हणतात त्याला, तुमच्या भागात ती जागा रिकामी असेल तर मागून घ्या.

कागदपत्रांचं शेवटी. एक फाइल करा, त्यात कोणी किती दिले, कधी पोचवले, कार्यक्रमाचा किराणा किती झाला, निमंत्रणाची पास झालेली प्रत. वर्षाच्या शेवटी प्रत्येक देणाऱ्याला त्याचा एकूण आकडा कळवा म्हणजे कोणाची चुकून मर्यादा ओलांडली जाणार नाही. आणि ही वर्गणी टॅक्समध्ये वजा होत नाही, मार्चमध्ये सीएकडे पावती घेऊन गेलेले चार जण मला दरवर्षी भेटतात, त्यांना पैसे घेतानाच सांगा.